मडक्याच्या आतला हात

अंबाजोगाई

आपल्या रविवारच्या लेखन मंडळातील ज्येष्ठांना, सोबत्यांना आणि नव्यानं आलेल्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

नऊ वर्षं झाली, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी मंडळात येतोय. माझं डीटीपीचं दुकान असल्यामुळं तुमच्यापैकी बहुतेकांचं लेखन माझ्या हाताखालून गेलंय. बैठकीत वाचायच्या आधीचा खर्डा मी टाइप करतो, आणि चर्चा झाल्यावर तुम्ही लाल पेनानं दुरुस्त करून आणलेली प्रतही मीच बसवतो. आपण एकमेकांना जे सांगतो त्यानं लेखनाचं पुढं काय होतं, हे मला कागदावर दिसतं. त्या जागेवरून हे पत्र लिहितोय. उघड लिहितोय, कारण परभणी, लातूर, नांदेड, उदगीर, सेलू, कुठल्याही गावच्या लिहिणाऱ्या माणसाशी बोललं की तिथल्या बैठकीचं वर्णन आपल्यासारखंच निघतं.

मागच्या मार्चमध्ये धारूरकडच्या एका वस्तीवरची मुलगी आली होती. आठवत असेल तुम्हाला. सकाळची एसटी धरून आलेली, आदल्या आठवड्यात मी टाइप करून दिलेली पानं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जातात, तीही लहानपणी फडावर राहिलेली. कथा वाचताना दोनदा तिचा आवाज बसला. वाचून झाल्यावर आपण पंचवीसेक मिनिटं बोललो. काही जण म्हणाले, डोळ्यांत पाणी आलं, लिहीत राहा. दोघा-तिघांनी सांगितलं की भाषा प्रमाण कर. कोयता, कोपी (फडावरची पाचटाची झोपडी), वाढं (उसाचे हिरवे शेंडे) हे शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळणार नाहीत. एक ज्येष्ठ म्हणाले की या विषयावर भरपूर लिहून झालंय, यात नवं काय? ती मान खाली घालून सगळं लिहून घेत होती.

आठ दिवसांनी ती दुरुस्त केलेली कथा घेऊन दुकानात आली. तिला विचारून त्यातलं एकच वाक्य दोन्ही रूपांत इथं देतो. पहिल्या खर्ड्यात होतं:

"मुकादमानं उचल दिली तवाच माय म्हनली, आता दिवाळीपस्तोर आपून माणसं, तिथून पुढं कोयता."

दुरुस्त प्रतीत झालं:

"मुकादमाने आगाऊ रक्कम दिली तेव्हाच आई म्हणाली, आता दिवाळीपर्यंत आपण माणसे, तिथून पुढे ऊसतोड कामगार."

आपल्या बीड जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगायला नको. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. उचल कोयत्याला मिळते, हिशोब कोयत्याचा होतो, टोळीत किती कोयते ते मुकादम मोजतो. माणसाच्या नावाच्या जागी हत्याराचं नाव येतं, आणि ती माय हे लेकराला एका दमात सांगते. 'ऊसतोड कामगार' हा शब्द सरकारी कागदावरचा. कामगार हा माणूसच असतो, म्हणून दुसऱ्या वाक्यात मायच्या बोलण्याला काही अर्थच उरत नाही. कथेतलं सगळ्यात धारदार वाक्य आपल्या सूचनेनं बोथट झालं. ते बसवताना माझे हात थांबले होते. तरी मी ते बसवलं, आणि तिला काही बोललो नाही. त्याची रुखरुख आजही आहे.

आता त्याच पंचवीस मिनिटांतली दुसरी गोष्ट. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले आपले काका कोपऱ्यात भिंतीला टेकून बसतात. त्यांनी मधेच विचारलं, "बाई, ते लेकरू झोपलं होतं म्हनतीस, मग मुकादमाचं आन् बापाचं बोलणं आयकलं कुणी?" तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी बोलायला सुरुवात केली आणि प्रश्न तिथंच राहिला. पण तिनं तो टिपला होता. कथा मुलगी सांगतेय आणि मधल्या दोन पानांत तिला कळूच शकणार नाहीत अशा गोष्टी ती सांगतेय, ही त्या कथेतली खरी अडचण होती. दुरुस्त प्रतीत तिनं ती दोन पानं नव्यानं लिहिली. आता मुलगी जागी आहे. तोंडावर गोधडी ओढून पडलीय आणि कोपीच्या पाचटाच्या फटीतून बघतेय. बापाचं तोंड दिसत नाही, बिडीचा लाल ठिपका तेवढा अंधारात वर-खाली होतो. मुकादम फिटायच्या राहिलेल्या पैशाचा आकडा सांगतो, आणि तो ठिपका बराच वेळ एका जागी थांबतो.

नऊ वर्षांत आपल्या मंडळात लिहिलं गेलेलं याच्याहून चांगलं काही माझ्या आठवणीत नाही. ते कंडक्टरकाकांच्या एका प्रश्नातून आलं. त्यांनी भाषेला हात लावला नाही, विषयाला लावला नाही, 'असं लिही' म्हणाले नाहीत. वाचताना ते जिथं अडखळले, ती जागा दाखवली आणि तिथंच थांबले. पुढचं तिनं केलं, कारण पाचटाची फट तिला माहीत होती, काकांना नव्हती.

त्या मार्चनंतर ती मुलगी बैठकीला आलेली नाही.

कुणी दुखावलं गेलं की आपल्याकडं गोरोबाकाकांची गोष्ट निघते. ती आपल्या तेरची, मराठवाड्याच्या मातीतली, म्हणून आपल्याला हक्काची वाटते. संत जमले होते, मुक्ताबाईंनी मडकी ठोकून घडवायचं थापटणं बघून विचारलं, आमच्यातलं कच्चं मडकं कोणतं? गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे शांत बसले, नामदेव तेवढे चिडले, आणि कच्चे ठरले. पुढं औंढ्याला विसोबा खेचरांकडं गेले. या गोष्टीचा आधार घेऊन आपण म्हणतो की नामदेवांनाही ऐकून घ्यावं लागलं, मग तुझं काय? मीही हे म्हटलेलं आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका कवितासंग्रहाच्या मुखपृष्ठासाठी फोटो काढायला मी कुंभाराच्या घरी अर्धा दिवस बसलो. तेव्हा थापटणं खरं कसं चालतं ते पाहिलं. चाकावरून उतरलेलं मडकं जाड असतं, बुडाशी अपुरं असतं. ते थोडं सुकू देतात, पार वाळू देत नाहीत. मग कुंभार डावा हात मडक्याच्या आत घालतो. त्या हातात गुळगुळीत दगडी गोळा असतो. बाहेरून थापटणं जिथं पडणार, बरोबर तिथं आतून गोळा टेकलेला असतो. बाहेरचा हात मारतो, आतला हात झेलतो, आणि दोघांच्या मधे माती पसरत, पातळ होत आकाराला येते. आतला हात काढला तर पहिल्याच फटक्यात मडक्याला पोचा पडतो. मी त्या मामांना विचारलं, मडकं पक्कं झालंय का ते थापटण्यानं बघता का? ते म्हणाले, भाजलेल्या मडक्यावर थापटणं कोण मारंल? ते बोटाच्या पेरानं वाजवून बघायचं. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर तडा.

म्हणजे थापटणं हे ओल्या मातीला घडवायचं हत्यार, आणि ते एकट्यानं कधीच चालत नाही. आपण नव्या माणसाच्या पहिल्या खर्ड्यावर थापटणं मारतो आणि आत हात घालत नाही. आत हात घालणं म्हणजे काय, तर या माणसाला काय करायचं आहे ते आधी समजून घेणं. त्या मुलीला माणसाचा कोयता कसा होतो ते सांगायचं होतं. एवढं ज्याला कळलं असतं, त्यानं 'कोयता' शब्द काढ असं कधीच सांगितलं नसतं. पण 'डोळ्यांत पाणी आलं' म्हणणाऱ्यांचाही हात आत गेलेला नव्हता. कौतुक करणाऱ्यांनी आणि ठोकणाऱ्यांनी, दोघांनीही कथा वाचलेली नव्हती, एकदा कानावरून गेलेली होती.

त्या गोष्टीतली आणखी एक बाब आपण सोडून देतो. गोरोबांचं थापटणं सगळ्यांच्या डोक्यावर पडलं. निवृत्तिनाथांच्या पडलं, ज्ञानदेवांच्या पडलं. आपल्याकडं ते फक्त नव्यांच्या डोक्यावर पडतं. ज्यांचे दोन-तीन संग्रह निघालेत त्यांनी वाचलं की खोलीत 'अप्रतिम', 'क्या बात है' एवढंच ऐकू येतं. ज्येष्ठांनो, तुमच्याबद्दलच्या आदरानं सांगतो, यात तुमचं नुकसान जास्त आहे. तुमच्या कविता मी वर्षानुवर्षं टाइप करतोय. भेगाळलेली जमीन, आभाळाकडं लागलेले डोळे, वाळलेली विहीर, या प्रतिमा दहा वर्षांपूर्वी ताज्या होत्या. आता त्या येणार हे माझ्या बोटांना आधीच ठाऊक असतं. दुष्काळ तुम्ही आमच्यापेक्षा जास्त पाहिलाय. 1972 चा पाहिलाय, खडी फोडायला गेलेली घरातली माणसं पाहिलीत, सुकडी खाल्लीय. ते तुम्ही चहाच्या वेळी सांगता तेव्हा अंगावर काटा येतो, आणि कवितेत ते येत नाही. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं. आमच्या आदरानंच तुमची कविता अडवून धरली.

दाद आणि दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या शेजारच्या परंपरेला चांगलं माहीत होतं. वली आणि सिराज या शायरांचं औरंगाबाद आपल्यापासून लांब नाही. उर्दू शायरीत मुशायऱ्यात मिळते ती दाद, आणि उस्तादाजवळ बसून होते ती इस्लाह. शागीर्द गझल घेऊन जायचा, उस्ताद एखादा शब्द बदलायचा, एखादा शेर काढायला सांगायचा, आणि का ते समजावायचा. दाद चारचौघांत, इस्लाह घरात. आपली बैठक या दोन्हींच्या मधे अडकलीय. माणूस दादेच्या अपेक्षेनं उभा राहून वाचतो आणि त्याची इस्लाह सगळ्यांसमोर, न वाचता, घाईघाईत होते. मला वाटतं आपण ठरवून टाकावं. कोजागरीला किंवा दिवाळी अंक आल्यावर जो कार्यक्रम करतो त्यात नुसती दाद असू दे, भरभरून असू दे. महिन्याच्या बैठकीत काम करू.

काम करायचं तर आधी कागद हातात हवा. एका बैठकीत आपण आठ-नऊ जणांचं ऐकतो. अडीच तासांतून चहा वजा केला, उशिरा सुरू झाल्याचा वेळ वजा केला, तर सरासरी प्रत्येकाच्या वाट्याला वाचनासकट पंधरा मिनिटं येतात. कानानं ऐकलेल्या कथेत चौथ्या पानावरचं वाक्य कुणालाच आठवत नाही, म्हणून आपण विषयावर बोलतो, भाषेवर बोलतो, स्वतःच्या आठवणींवर बोलतो. त्यापेक्षा महिन्याला दोघांचंच घ्या. पानं आधीच्या बुधवारी सगळ्यांना मिळू द्या. झेरॉक्सचा खर्च मी करतो, उजवीकडं दोन इंच समास सोडून प्रती काढतो. घरी दोनदा वाचा. एकदा नुसतं वाचा, दुसऱ्यांदा पेन घेऊन. जिथं थांबलात, जिथं मागं जाऊन परत वाचावं लागलं, जिथं पान उलटायची घाई झाली, जिथं जांभई आली, तिथं खूण करा. बैठकीत ती खूण दाखवा. 'मधला भाग लांबलाय' यापेक्षा 'तिसऱ्या पानावर बाजाराचं वर्णन सुरू झालं तेव्हा मी आजीला विसरलो' हे कितीतरी उपयोगाचं आहे.

बोलायची सुरुवात मात्र खुणांपासून नको. प्रत्येकानं आधी एवढंच सांगावं की ही गोष्ट मला कशाबद्दल वाटली. सहा जणांनी सहा वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर लेखकाला तिथंच बरंच काही कळतं. सगळ्यांनी एकच सांगितली आणि ती त्याच्या मनातली नसेल, तर त्याहून जास्त कळतं.

ऱ्हस्व-दीर्घ माझ्यावर सोडा. पहिल्या खर्ड्यात वेलांट्या दुरुस्त करत बसणं म्हणजे भिंत पाडायची की ठेवायची ते ठरायच्या आधी तिला चुना लावणं. पुढं ते सगळं प्रुफात निघतंच. आणि बोलीच्या शब्दाला चूक म्हणण्याआधी बोलतंय कोण ते बघा. अंबाजोगाई काय आणि उदगीर काय, चार कोसांवर बोलण्याचा हेल बदलतो. निवेदक बोलतोय की पात्र बोलतंय, आणि तो आवाज शेवटपर्यंत एकसारखा टिकलाय का, हे विचारा. हा प्रश्न खरा आहे. औरंगाबादेतून गंगाधर पानतावणे यांनी चालवलेल्या 'अस्मितादर्श' या दलित साहित्याच्या त्रैमासिकाच्या मेळाव्यांना लेखक-वाचक मेळावा म्हणत. पहिल्यांदाच लिहिणारी किती माणसं तिथं स्वतःचे शब्द घेऊन उभी राहिली. ते शब्द त्यांच्याकडून आधी काढून घेतले असते तर मराठीचंच नुकसान झालं असतं.

'मी असतो तर असं लिहिलं असतं' हे वाक्य आपण सोडून देऊ या. त्यासाठी लांब जायला नको, पैठणपर्यंतच जायचं. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकला होता होता पाठ बिघडले होते, ते त्यांनी निवडून काढले. ओवी लिहिण्यात त्यांचा हात किती सराईत होता हे सांगायला नको. तरी त्यांनी स्वतःची ओवी त्यात घातली नाही, आणि पुढच्यांनाही बजावलं: ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥ आपलं कुणाचंच लेखन ज्ञानेश्वरी नाही, हे मला कळतं. पण दुसऱ्याच्या ताटात आपली करवंटी ठेवायची नाही, ही शिस्त धारूरच्या मुलीच्या कथेलाही लागू आहे.

आता ऐकणाऱ्याबद्दल, कारण तिथंही आपण कमी पडतो. ज्याचं लेखन आहे त्यानं चर्चा चालू असताना बोलू नये. हे फार अवघड आहे, मला स्वतःला जमत नव्हतं. कुणी म्हणालं की शेवट पटला नाही, की आपण लगेच सांगतो, 'अहो, पण हे खरं घडलंय, माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय.' घडलं असेल. समोरच्यानं घटना खोटी आहे असं म्हटलेलंच नसतं. कागदावर ती खरी वाटली नाही, एवढंच तो सांगतोय. मावशीचं लेखकाला जे माहीत होतं त्यातलं काहीतरी कागदावर यायचं राहून गेलंय. ते काय, हे शोधायची संधी आपण खुलासा करून घालवतो. पुस्तक वाचणाऱ्याच्या शेजारी आपण खुलासा द्यायला बसलेले नसतो.

सगळ्यांचं सगळं ऐकायलाही नको. टेंपोतून जाताना खड्डा आला की सगळे प्रवासी एकाच ठिकाणी उसळतात. तीन वाचक एकाच जागी उसळले तर तिथं खड्डा आहे, हे धरून चालावं. तो खडी टाकून बुजवायचा की रस्ताच वळवायचा, हे प्रवाशांनी सांगितलेलं बरोबर असेलच असं नाही. ते रस्ता करणाऱ्यानं ठरवावं. काही दिवस प्रती तशाच बाजूला ठेवाव्यात. त्या मुलीनं आठच दिवसांत सगळ्यांच्या सगळ्या सूचना पाळल्या. आपण मोठी माणसं, आपलं ऐकायलाच हवं असं तिला वाटलं. 'यातलं तुला पटेल तेवढंच घे' हे तिला त्या दिवशी एकानंही सांगितलं नाही. ना अध्यक्षांनी, ना मी.

माझ्या स्वतःच्या कथांना मंडळात सहा-सात वर्षं 'छान जमलीय' एवढंच ऐकायला मिळालं. त्या कथा बाहेर पाठवल्या की परत यायच्या. मग एका संपादकांनी परत पाठवताना समासात पेन्सिलनं लिहिलं होतं, "कथा चौथ्या परिच्छेदापासून सुरू होते." मी पहिले तीन परिच्छेद झाकून वाचून पाहिलं, आणि खरंच तसं होतं. पेन्सिलची ती एक ओळ लिहायला त्यांना कथा नीट वाचावी लागली असणार. न ओळखणाऱ्या माणसानं माझ्यासाठी तेवढा वेळ दिला. आपण तर एकमेकांच्या घरच्या लग्नकार्याला जातो.

येत्या बैठकीसाठी मी माझी नवी कथा देतोय. अकरा पानं आहे, बुधवारी दुपारपासून प्रती दुकानात मिळतील. ज्येष्ठांपैकी कुणी आपली कविता सोबत दिली तर तिच्याही प्रती काढतो. कंडक्टरकाकांनी कोपरा सोडून मधे बसावं, ही माझी विनंती आहे.

त्या मुलीची पहिली प्रत माझ्या कॉम्प्युटरवर तिच्या मूळ शब्दांसकट आहे. ती, आणि दुसऱ्या प्रतीतली बिडीच्या ठिपक्याची दोन पानं, मी एकत्र छापून ठेवली आहेत, रुंद समास सोडून. फोनवर बोललो तिच्याशी. ती म्हणाली, "येईन, पण काय वाचू?" पुढच्या शनिवारी मी ती पानं घेऊन तिच्या वस्तीवर जाणार आहे. मोटारसायकलवर एकाची जागा आहे. त्या दिवशी ज्यांनी तिला शब्द बदलायला सांगितले त्यांच्यापैकी कुणी आलं तर बरं होईल. शुक्रवारपर्यंत कळवा.

आपला,
मंडळातला एक सोबती